सोनेरी कॅसेट कोणाची

सुमंतचा फोन आला तेव्हा मालविका नववीच्या मुलींच्या गणिताच्या वह्या तपासत होती. सुमंत तिचा धाकटा भाऊ, लखनौला बँकेत नोकरीला. तो भर दुपारी कधी फोन करत नसे, म्हणून तिने घाईघाईने उचलला.

"ताई, नाना ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. झोपलेत. का रे?"

"मग ऐक. माझी ती गोल्फची कॅसेट आहे ना घरी? केशवने दिलेली. सोनेरी."

मालविकाचा लाल पेन वहीवर तसाच थांबला. "तुझी?"

"हां, तीच. अगं ताई, अकरा लाखाला जाते ती! अकरा लाख! आमच्या मॅनेजरचा मुलगा जुने व्हिडिओ गेम जमवतो, त्याने मला फोटो दाखवला लिलावाचा. मी म्हटलं, अरे ही तर माझ्या घरी आहे! सत्त्याऐंशी साली जपानात स्पर्धा होती, जिंकणाऱ्या शंभर जणांनाच दिलेली. दुकानात कधी आलीच नाही. तू फक्त शोधून ठेव. आणि जास्त हात लावू नको, ओरखडा पडला की भाव पडतो. मी दोन आठवड्यांनी शनिवारी येतो."

"बघते," एवढंच ती म्हणाली.

शोधायची गरजच नव्हती. कॅसेट तिच्या लोखंडी कपाटात होती, तिच्या स्वतःच्या हायस्कूलच्या मार्कशीटखाली, मऊ पंच्यात गुंडाळलेली. जवळजवळ बत्तीस वर्षं तिथेच होती.

केशव म्हणजे केइगो. तो जपानहून काशीला संस्कृत शिकायला आला आणि दोन वर्षं दुर्गाघाटावर त्यांच्याच बिऱ्हाडात राहिला. मालविकाचे वडील नाना, म्हणजे वेणीमाधवशास्त्री पाध्ये, धर्मशास्त्र शिकवत. त्यांनी त्याचं नाव केशव ठेवलं, त्याला घरातलं मराठी शिकवलं आणि आपल्या पंगतीला बसवलं. केशवने येताना बॅगेत एक व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं होतं. इथल्या टीव्हीवर त्याचं चित्र काळंपांढरं दिसे आणि आवाज मुळीच येत नसे. पण संध्याकाळी त्याचा पाठ संपला की तो, बारा वर्षांची मालविका आणि नऊ वर्षांचा सुमंत त्या करड्या हिरवळीवर गोल्फ खेळत बसत. तिघांपैकी एकानेही खरं मैदान पाहिलेलं नव्हतं.

पडद्यावर खाली एक पट्टी असे. तिच्यावर एक रेघ सरसर पुढे जाई आणि मागे येई, आणि नेमक्या क्षणी बटण दाबावं लागे. सुमंत घाईत दाबायचा आणि चेंडू पाण्यात घालवायचा. मालविकाने मात्र युक्ती काढली. खालच्या मजल्यावर नानांचे विद्यार्थी पाठ म्हणत असत, त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रांवर ती फटका मोजायची. दोन मात्रांना जोर, तिसरीला बटण. जायच्या आदल्या आठवड्यात केशव तिच्याकडून एका फटक्याने हरला. तो उठला, बॅगेतून ही सोनेरी कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. म्हणाला, "ही जिंकणाऱ्याची."

सुमंत तेव्हा घाटावर पतंगामागे होता. नाना शेजारी पोथीत होते. यंत्र केशवबरोबर परत गेलं, नुसती कॅसेट उरली, आणि सुमंतने ती गल्लीतल्या पोरांना दाखवून दाखवून आपली करून टाकली. घरच्या फोटोतही ती त्याच्याच हातात आली. पुढे घरात सगळे 'सुमंतची गेम' असंच म्हणू लागले. मालविकाने दोनदा सांगून पाहिलं. आई म्हणाली होती, "असू दे गं, लहान आहे तो. तुला काय करायचीय गोल्फची?" तेव्हापासून ती बोलली नाही. फक्त एक दिवस कॅसेट उचलून आपल्या कपाटात ठेवली.

आता अकरा लाख म्हटल्यावर तिचं बूड एका जागी ठरेना. कपाटाला कुलूप होतं, तरी तिला ते पुरेसं वाटेना. पहिल्या दिवशी कॅसेट तांदळाच्या डब्यात गेली. दुसऱ्या दिवशी वाटलं, तांदळात दमट होते. मग नानांच्या ग्रंथांमागे. तिथे कसर लागते. मग पर्समध्ये घालून ती शाळेत गेली. चौखंभ्याच्या गल्लीत समोरून सांड आला तशी पर्स छातीशी धरून एका पायरीवर चढून उभी राहिली. वर छतावर माकडं बसली होती, त्यांच्याकडेही तिने संशयाने पाहिलं. संध्याकाळी पुन्हा कपाट.

पैसा तिला नको होता असं मुळीच नाही. नाना आता एकोणऐंशी वर्षांचे. गुडघे गेलेले. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, अरुंद उंच पायऱ्या. गाडी सोडा, रिक्षासुद्धा दारापर्यंत येत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांना डॉक्टरकडे न्यायचं तर घाटावरच्या दोन नावाड्यांनी, मल्लाहांनी, खुर्चीतून उतरवलं होतं. महमूरगंजला तळमजल्याचा एक फ्लॅट तिने पाहून ठेवला होता. जमवलेल्या पैशांत सात-आठ लाख कमी पडत होते. हिशेब असा बरोबर बसत होता की तिला भीती वाटायची.

सुमंतने पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा नंबर पाठवला. रत्नाकर नावाचा तो माणूस जुन्या खेळांची खरेदी-विक्री करायचा. त्याने सगळ्या बाजूंचे फोटो मागवले आणि मग फोनवर म्हणाला, "मॅडम, वस्तू अस्सल दिसतेय. लेबलचे चारही कोपरे शाबूत आहेत, हे फार मोठं. पण लोक विचारणार, भारतात आली कशी? ज्याने स्पर्धा जिंकली त्याचं सहीचं पत्र मिळालं तर अकराचे पंधरा होतील. नाहीतर घासाघीस करतील."

म्हणून तिने केशवला लिहिलं. तो आता एका विद्यापीठात प्राध्यापक होता आणि त्याचा ईमेलचा पत्ता सहज सापडला. पत्र लिहिताना मनात आणखी एक होतं, ते तिने स्वतःपासूनही लपवलं नाही. व्यवहाराचं सगळं लिहून झाल्यावर खाली एक ओळ घातली: 'ती तुम्ही कोणाला दिली होती, आठवतं का?'

नऊ दिवस उत्तर नाही. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात फोनकडे जायचा. एकदा तर वर्गसमीकरण सोडवताना ऋणचिन्हच गायब झालं. पहिल्या बाकावरची रुची उभी राहून म्हणाली, "मॅम, माइनस छूट गया." मालविकाला चूक सापडायला मुलींपेक्षा जास्त वेळ लागला. घरी आली की ती स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या घालायची. एकदा नानांनी पोथीतून डोकं न काढता विचारलं, "प्रदक्षिणा कोणाची चाललीय?"

दहाव्या दिवशी उत्तर आलं. केशव अजून मराठीत लिहीत होता, आणि तेही नानांच्या जुन्या पुस्तकांतल्या मराठीत.

'चि. मालविका हिस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वाचून आनंद व भय दोन्ही जाहले. ती कॅसेट मी तुला दिली. तू मला एका फटक्याने हरविलेस, हे मला चांगले स्मरते. परंतु ती देण्याचा अधिकार मला नव्हता. ती माझे ज्येष्ठ बंधू मासातो यांची. त्यांनी कारखान्यात काम करून रात्री सराव केला आणि ती जिंकली. मी काशीस निघताना त्यांच्या खणातून न विचारता घेतली. त्यांनी पुढे विचारिले तेव्हा मी नाही म्हणालो. आई वारली तेव्हा आम्हा बंधूंत मोठे भांडण झाले. त्यातही त्यांनी प्रथम त्या कॅसेटचेच नाव काढिले. आज अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. तुला हवे असल्यास मी जिंकलो असे पत्र मी लिहून देईन. ते असत्य होईल. परंतु गुरुजींचे अन्न मी दोन वर्षे खाल्ले आहे, म्हणून लिहीन.'

मालविकाने ते चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी ती तीनच शब्दांपाशी थांबली होती: मी तुला दिली. बत्तीस वर्षं हे कोणीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती, आणि आता त्याच्या पाठोपाठ हे बाकीचं आलं होतं. तिने फोन उलटा ठेवला. एक खोटं पत्र, पंधरा लाख, तळमजला. केशवने तर स्वतःहून देऊ केलं होतं. ती नुसतं 'हो' लिहिणार, बस. दोन दिवस तिने कोणाला काही सांगितलं नाही. भाजी दोनदा करपली.

तिसऱ्या दिवशी तिने सुमंतला फोन करून सगळं वाचून दाखवलं. नीट ऐकून तो म्हणाला, "तर मग प्रॉब्लेम काय आहे? देतोय ना तो पत्र लिहून?"

"खोटं पत्र, सुमंत."

"अगं यार ताई, सोच ना जरा! बत्तीस साल झाली. त्याने दिली म्हणजे दिली. दोघा भावांचं भांडण आपण का गळ्यात घ्यायचं?"

"आणि कोणाला दिली, ते ऐकलंस ना?"

पलीकडे त्याने खुर्ची मागे सरकवली. मग तो म्हणाला, "आता ते काय घेऊन बसलीस? पैसे निम्मे-निम्मे करू." आणि मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

शनिवारी तो आला तो सरळ स्टेशनवरून, हातात कॅसेट ठेवायला फोम लावलेली डबी घेऊन. चहा व्हायच्या आतच दोघांची जुंपली. आवाज दाबून बोलायचा प्रयत्न होता, पण दोन खोल्यांच्या घरात आवाज दबून दबणार किती? पलंगावरून नानांनी काठी जमिनीवर आपटली.

"काय ते इकडे येऊन बोला. मी बहिरा नाही अजून."

मग सगळं सांगावं लागलं. सुमंतने अकरा लाखांचं सांगितलं, मालविकाने पत्र वाचलं. अकरा लाखांवर नानांचा चेहरा हलला नाही. पत्रातल्या 'खणातून न विचारता' या शब्दांवर मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले.

"केशव असा नव्हता," ते म्हणाले. मग सुमंतकडे पाहून, "वस्तू केशवाची होती का?"

"नव्हती. पण..."

"त्याच्या भावाने त्याला दिली होती का?"

"नाही."

"मग केशवाने मालूला दिली, ते देणं झालंच नाही. जो मालक नाही त्याने दिलं काय न् विकलं काय, केलं नाही असंच धरायचं. अस्वामिविक्रय म्हणतात त्याला. चाळीस वर्षं शिकवला मी हा विषय. केशवही होता समोर बसलेला."

"नाना, हजारो वर्षांपूर्वीचे कायदे आहेत हे!"

"चोरी काय काल सुरू झाली?" नाना म्हणाले.

 मालविका पुढे आली. "नाना, मी ते पैसे माझ्यासाठी नव्हते मागत. तुमच्यासाठी खालचं घर बघितलंय मी. महमूरगंजला. पायऱ्याच नाहीत."

"मला विचारलंस?"

तिने खरंच विचारलं नव्हतं.

"मला महमूरगंजला काय करायचंय? तिथे एक माणूस ओळखीचा नाही. मला एखादे दिवशी खाली घाटावर न्या, तेवढं पुरे." मग जरा थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "वस्तू परतच करा असं मी म्हणत नाही. कदाचित तो म्हणेल, ठेवा तुम्ही. पण विचारायला हवं, त्यालाच."

मालविकाने त्याच दुपारी केशवला लिहिलं, भावाला तुम्हीच विचारा. त्याचं उत्तर तासाभरात आलं: 'माझ्यात धैर्य नाही.' खाली फक्त मासातोचा पत्ता होता, आणि त्याच्या मुलीचा ईमेल. मग मालविकाने स्वतः चार ओळी लिहिल्या आणि फोनकडून जपानीत करून घेतल्या. मी कोण, कॅसेट माझ्याकडे कशी आली, तिचा आज भाव काय आहे, आणि आपली काय इच्छा आहे. भावाचा आकडा लिहू नको म्हणून सुमंत हट्टाला पेटला होता. तिने तो लिहिला.

उत्तर येईपर्यंत सुमंत रजा वाढवून थांबला. दोघंही एकमेकांना न सांगता एकाच गोष्टीची वाट पाहत होती. म्हातारा माणूस, इतकी वर्षं झालेली, परक्या देशातल्या बाईने आपण होऊन विचारलंय, तर तो म्हणेल की राहू द्या, तुमच्याकडेच शोभते. मालविकाने तर मनातल्या मनात त्याला उत्तरादाखल आभारही लिहून टाकले होते.

मंगळवारी सकाळी उत्तर आलं. जपानीतून मराठीत होऊन त्याची दोनच वाक्यं झाली.

'ती माझी आहे. कृपया पाठवावी.'

सुमंतने फोन तिच्या हातातून घेतला, वाचला, परत दिला. "बस? एवढंच? थँक यू पण नाही?"

मालविकालाही लागलं. तिला वाटलं होतं, खरं वागल्यावर आत कुठेतरी थंड वाटेल. तसं काही वाटलं नाही. कपाटातून तिने कॅसेट काढली आणि उजेडात धरली. सोनेरी प्लास्टिक, त्यावर झेंडा आणि एक टोपीवाला माणूस. इतक्या वर्षांत तिने हिला असं दिवसाउजेडी निरखून पाहिलं नव्हतं. त्या टोपीवाल्याचा हात थोडा चुकीचा काढलेला होता, हेही आज दिसलं.

"आण ती डबी," ती म्हणाली.

दोघं चालतच विशेश्वरगंजच्या मोठ्या पोस्टात गेली. परदेशी पार्सलच्या खिडकीशी बराच वेळ उभं राहावं लागलं. बाबूने डबी उघडायला लावली, कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. सुमंतच्या तोंडून "आराम से, भाईसाहब!" असं निघून गेलं.

"क्या है ये?"

"वीडियो गेम. पुराना."

"कीमत लिखिए इसमें." बाबूने फॉर्म पुढे सरकवला.

मालविका पेन धरून उभी राहिली. इतके दिवस डोक्यात आकड्यांशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि आता चौकटीत घालायला एक आकडा सापडेना. अकरा लाख लिहावे तर हे पार्सल इथून हलणारच नाही. काहीच नाही असं लिहावं तर तेही खरं नव्हे.

"मॅडम, लाइन लगी है," बाबू म्हणाला. "पुराना खिलौना है ना? पाँच सौ लिख दीजिए."

तिने पाचशे लिहिले.  एवढं एक खोटं तिच्याकडून झालं. नानांना ते सांगायचं नाही असं तिने ठरवलं, आणि घरी जाऊन पहिल्या वाक्यात सांगितलं.

खाली पाठवणाऱ्याचं नाव लिहायची ओळ होती. ती लिहिणार तोच सुमंतने तिच्या हातातून पेन घेतला. तिला वाटलं, हा आता स्वतःचं नाव घालणार. त्याने काउंटरवर वाकून, बँकेतल्यासारख्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: मालविका वेणीमाधव पाध्ये, दुर्गाघाट, वाराणसी. मग पेन परत दिला आणि तिकिटाचे पैसे काढायला खिसे चाचपू लागला. ती त्याच्याकडे पाहत होती. त्याने वर पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी सुमंत लखनौला गेला. मालविकाची तगमग काही थांबली नाही, फक्त तिचा विषय बदलला. पार्सल बनारसहून निघालं. दिल्लीला पोहोचलं. दिल्लीला चार दिवस पडून राहिलं. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या कोपऱ्यात उभी राहून नंबर टाकायची, घरी येऊन पुन्हा टाकायची. रत्नाकरचा एकदा फोन आला. झालेलं ऐकून तो म्हणाला, "मॅडम, पंधरा वर्षांत असं गिऱ्हाईक नाही पाहिलं." स्तुती होती की काय, ते कळलं नाही. त्या रविवारी दोन मल्लाहांना बोलावून तिने नानांना खुर्चीतून ब्रह्माघाटापर्यंत नेलं. नाना पाण्यात पाय सोडून तासभर बसले. ती शेजारी बसून फोन बघत होती. नानांनी हात पुढे केला, फोन घेतला आणि आपल्या उपरण्याखाली ठेवून दिला.

अठराव्या दिवशी पार्सल पोहोचल्याची नोंद दिसली. मासातोकडून मात्र अवाक्षर नाही. आणखी दोन दिवसांनी, शाळेतून येऊन ती पायऱ्या चढत होती तोच केशवचा फोन आला. त्याचा आवाज तिने बत्तीस वर्षांनी ऐकला. म्हातारा झाला होता, पण 'मालविका' म्हणताना 'ल' आणि 'र' यांच्या मधलंच काहीतरी अजून निघत होतं.

"बंधूंचा फोन आला," तो म्हणाला. "अकरा वर्षांनी. एक तास रागावले. काशीचे, कॅसेटचे, आईच्या आजारपणाचे, सर्व काढिले."

"अरे बापरे. मग?"

"मग म्हणाले, आज दमलो, उद्या पुन्हा फोन करतो, अजून पुष्कळ उरले आहे." केशव हसत होता, आणि हसता हसता त्याने नाक ओढलं. "आज पुन्हा केला."

मालविका पायरीवर टेकली. विचारू नये असं वाटत असूनही तिने विचारलं, "कॅसेट विकणार का ते?"

"ठाऊक नाही. विचारू का?"

"नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको, नको."

वर येऊन तिने नानांना सांगितलं. नानांनी केशवच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द तिच्याकडून दोनदा वदवून घेतला. मग ती स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं आणि सुमंतला फोन लावला. त्याने सगळं ऐकलं. 'उद्या पुन्हा फोन करतो'वर तो खो खो हसला. हसणं ओसरलं. मागे त्याच्या बँकेतलं नोटा मोजायचं यंत्र फडफडत होतं.

"ताई," तो म्हणाला, "तू मला कधी रागावली नाहीस."

"कशाबद्दल?"

"माझी माझी म्हणत फिरलो ना इतकी वर्षं. मला माहीत होतं गं. त्याच दिवशी केशवने मला सांगितलं होतं, ताईने जिंकली म्हणून."

मालविकाने गॅस बंद केला.

"आता तासभर वेळ आहे तुला?" तिने विचारलं.

"आहे."

"दार लावून घे मग," ती म्हणाली, आणि पाट ओढून बसली.